जीडीबीचं बिल्ड सगळ्या आर्किटेक्चरसाठी आपोआप तपासायचंय, कसं करता तुम्ही?

पायवाट_७

नमस्कार मंडळी. मी एम्बेडेडमध्ये आहे, आमच्याकडे एका आर्म कोअरच्या चिपसाठी जीडीबीची, म्हणजे ग्नूच्या डीबगरची, वेगळी ब्रँच सांभाळतात आणि त्यातले काही पॅच आता मूळ प्रोजेक्टला पाठवायचं ठरलंय. बदल नुसते आर्मच्या फाइलींमध्ये असते तर प्रश्नच नव्हता, पण दोनतीन बदल सामायिक भागात आहेत, एक फ्रेम अनवाइंडिंगमध्ये (स्टॅक उलगडून कुणी कुणाला कॉल केलं ते काढणं), एक रजिस्टर कॅशमध्ये (रजिस्टरांच्या वाचलेल्या किमती जपून ठेवणारा भाग), म्हणजे मिप्स, पॉवरपीसी, स्पार्क, एस३९०, रिस्क-फाइव्ह सगळ्यांच्याच अंगावर ते येणार. मेलिंग लिस्टवर पॅच टाकायच्या आधी निदान सगळीकडे कंपाइल होतंय एवढी खात्री आपली आपण करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, तिकडचे लोक आपला वेळ काढून रिव्ह्यू करतात, त्यांनी पहिल्याच ओळीला "हे आमच्याकडे बिल्ड होत नाही" असं लिहावं हे बरं नाही.

सध्या एक शेल स्क्रिप्ट आहे. टार्गेटची (ज्या प्रोसेसरवरचा कोड डीबग करायचा त्यांची) यादी हातानं लिहिलेली, प्रत्येकासाठी नवी डिरेक्टरी, त्यात कन्फिगर, मग मेक, आणि शेवटी पास की फेल. चालते, पण रात्रभर चालते, आणि सकाळी लाल दिसलं की आधी हेच शोधावं लागतं की पॅचमुळे लाल आहे की मशीनवर मेकइन्फो (मॅन्युअल बनवणारं टूल) नाही म्हणून लाल आहे. टीममधला एकजण म्हणतो कन्फिगरला एनेबल-टार्गेट्स=ऑल दे, एका बिल्डमध्ये सगळी आर्किटेक्चर येतात, कशाला एवढा खटाटोप. ते खरंच पुरेसं आहे का? आणि नुसतं कंपाइल झालं म्हणजे चालतंय असं तर नाही, मग टेस्ट कुठे चालवायच्या, आमच्याकडे आर्म बोर्ड आहेत पण एस३९० कुठून आणू? ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

घाटमाथा

पुरेसं नाही, पण सुरुवात तिथूनच करा.

एनेबल-टार्गेट्स=ऑल काय करतं ते आधी नीट बघू. जीडीबीत प्रोसेसरची माहिती दोन प्रकारच्या फाइलींत असते. टीडेपवाल्या फाइली, म्हणजे आर्म-टीडेप, मिप्स-टीडेप वगैरे, यांत त्या आर्किटेक्चरची रजिस्टरं कोणती, स्टॅक कसा उलगडायचा, ब्रेकपॉइंटला कोणती इन्स्ट्रक्शन टाकायची हे असतं, आणि हा कोड कुठल्याही मशीनवर कंपाइल होतो. दुसऱ्या नॅटवाल्या फाइली, यांत त्या मशीनवर बसून तिथलीच प्रोसेस डीबग करायचा कोड असतो, लिनक्सवर पीट्रेस (दुसऱ्या प्रोसेसवर ताबा ठेवायचा सिस्टिम कॉल) वगैरे, आणि त्या फक्त त्या त्या होस्टसाठी, म्हणजे जिथे जीडीबी चालणार त्या मशीनसाठी, बिल्ड करताना कंपाइल होतात. ऑल दिलं की टीडेप सगळ्या आत येतात, नॅट मात्र फक्त तुमच्या मशीनची. म्हणजे एक्स८६ लॅपटॉपवर ऑलचं बिल्ड हिरवं झालं तरी एस३९०च्या नॅट फाइलीकडे कंपाइलरनं बघितलेलंही नसतं.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त फसवी आहे. समजा तुम्ही लिनक्स-टीडेप.सी मध्ये एक फंक्शन लिहिलं आणि ते आर्म-टीडेप.सी मधून वापरलं. ऑलच्या बिल्डमध्ये दोन्ही ऑब्जेक्ट फाइली आहेत, लिंक होतं, सगळं छान. पण कुणीतरी आर्म-नन-ईएबीआय टार्गेट देऊन नुसता बेअर-मेटलचा (ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या बोर्डासाठीचा) जीडीबी बिल्ड करतो, आणि कन्फिगर.टीजीटी मध्ये (कुठल्या टार्गेटला कुठल्या ऑब्जेक्ट फाइली लागतात ते सांगणारी फाइल) त्या टार्गेटच्या यादीत लिनक्स-टीडेप नाहीच, त्याला लिंक करताना अनडिफाइन्ड रेफरन्स मिळतो. आणि एम्बेडेडमध्ये लोक नेमका तसाच एका टार्गेटचा जीडीबी बनवतात, तुमच्या कंपनीतही बहुतेक तसाच बनत असेल. ऑलचं बिल्ड या चुका पकडूच शकत नाही कारण त्यात कुठली फाइल गैरहजर नसतेच. त्यामुळे तुमची एकेका टार्गेटची स्क्रिप्ट फेकून देऊ नका, ती हवीच आहे.

फक्त यादी हातानं लिहू नका. जीडीबीच्या सोर्समध्ये मेंटेनर्स नावाची फाइल आहे, त्यात प्रत्येक आर्किटेक्चरपुढे बिल्ड करायचं टार्गेट लिहिलेलं असतं, आणि शेजारीच जीडीबी_एमबिल्ड.एसएच नावाची स्क्रिप्ट आहे, २००२ पासूनची. ती मेंटेनर्स फाइल वाचते, एकेका टार्गेटसाठी कन्फिगर करते, बिल्ड करते आणि तयार झालेला जीडीबी खरोखर चालवून त्याला मेंट प्रिंट आर्किटेक्चर ही कमांड देते. लिंक झाला पण सुरू होतानाच कोसळला असं असेल तर ते तिथेच कळतं. एक फेल झालं तरी पुढे चालू ठेवायचा, रेग्युलर एक्स्प्रेशननं ठरावीकच टार्गेट निवडायचा पर्याय आहे. नवीन काही लिहायच्या आधी ती स्क्रिप्ट पूर्ण वाचा, फार मोठी नाही, आणि आपल्या स्क्रिप्टमध्ये काय राहिलंय ते वाचतावाचताच लक्षात येतं.

तिसरं, होस्ट. निदान एक ३२ बिटचं बिल्ड ठेवाच. जीडीबीत पत्ते आणि मोठ्या संख्या ६४ बिटच्या टाइपमध्ये असतात, तो टाइप ६४ बिट लिनक्सवर अनसाइन्ड लाँग असतो आणि ३२ बिटवर अनसाइन्ड लाँग लाँग. कुणी डीबग मेसेजमध्ये पर्सेंट-एल-एक्स (लाँग संख्या हेक्समध्ये छापायचा फॉरमॅट) लिहून ठेवलं की लॅपटॉपवर बिनतक्रार जातं, आणि ३२ बिटवर फॉरमॅटची वॉर्निंग येते, आणि डेव्हलपमेंट ब्रँचवर डब्ल्यू-एरर आपोआप चालू असल्यामुळे वॉर्निंग म्हणजे एरर. यासाठीच पीयूलाँगेस्ट, पीअ‍ॅड्रेस, हेक्स_स्ट्रिंग अशी फंक्शनं आहेत. विंडोजसाठी मिंगडब्ल्यू कंपाइलरनं पण एक बिल्ड करा, ६४ बिट विंडोजवरही लाँग ३२ बिटचाच असतो, शिवाय पॉझिक्सची काही हेडर तिथे नसतातच.

३२ बिटचा अजून एक पदर आहे. मेकफाइल.इन उघडून बघा, ऑलमध्ये जाणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींच्या दोन याद्या आहेत, एक साधी आणि एक ६४ बिट टार्गेटांची. ३२ बिट होस्टवर नुसतं ऑल दिलं आणि ६४ बिट बीएफडी (ऑब्जेक्ट फाइली वाचणारी लायब्ररी) चालू नसेल तर दुसरी यादी गाळली जाते. आता एखादी नवी फाइल चुकीच्या यादीत पडली की गंमत नाही, ६४ बिटवर कुणाला काहीच दिसत नाही आणि ३२ बिटवर लिंक तुटतं. म्हणून तिथे एनेबल-६४-बिट-बीएफडी देऊन एक आणि न देता एक, अशी दोन्ही बिल्ड करा.

रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर. मी वेळेबद्दल लिहितो, कारण रात्रभर चालणारी तपासणी हळूहळू कुणी बघेनासं होतं, आमच्याकडे हेच झालं होतं.

वेळ नक्की कुठे जातो ते आधी मोजा. बायनयुटिल्स आणि जीडीबी एकाच रेपोमध्ये आहेत, त्यामुळे वरून साधं मेक दिलंत तर असेंब्लर, लिंकर, जीप्रोफ, सिम्युलेटर सगळंच बिल्ड होतं, आणि ते तुम्हाला नकोय. डिसेबल-गॅस, डिसेबल-एलडी, डिसेबल-बायनयुटिल्स, डिसेबल-जीप्रोफ, डिसेबल-जीप्रोफएनजी, डिसेबल-सिम द्या आणि मेकला ऑल-जीडीबी हे टार्गेट द्या. मेकइन्फोच्या लाल बिल्डसाठी मेकला MAKEINFO चं व्हेरिएबल ट्रू करून द्या, मॅन्युअल बिल्डच होणार नाही. डॉक्युमेंटेशनचे बदल असतील तर ते वेगळ्या एकाच बिल्डमध्ये तपासा, तीसचाळीस वेळा तेच मॅन्युअल बनवण्यात काय अर्थ आहे.

एक सावधगिरी, ऑल-जीडीबी मध्ये जीडीबीसर्व्हर येत नाही. जीडीबी १० च्या वेळी त्याची डिरेक्टरी वर हलवली, तेव्हापासून त्याचं वेगळं टार्गेट आहे, ऑल-जीडीबीसर्व्हर. सामायिक हेडर बदललं असेल तर तेही बिल्ड करा, हे बऱ्याच जणांचं राहून जातं.

मग सीकॅश, म्हणजे आधी कंपाइल झालेलं जपून ठेवून पुन्हा वापरणारं टूल. सगळ्यांना वाटतं सीकॅश लावला की काम झालं, कारण तीसचाळीस बिल्डमध्ये रीडलाइन, लिबआयबर्टी, जीएनयूलिब आणि जीडीबीचा सामायिक भाग बहुतांश सारखाच असतो. पण प्रत्यक्षात लावल्यावर हिट जवळजवळ शून्य. याचं कारण असं की डॅश-जी दिलेलं असताना सीकॅश चालू डिरेक्टरीचा पथही हॅशमध्ये घेतो, कारण तो पथ डीबग माहितीत लिहिला जातो, आणि तुमची प्रत्येक टार्गेटची डिरेक्टरी वेगळी, म्हणजे प्रत्येक हॅश वेगळा. सीकॅशच्या कॉन्फिगमध्ये हॅश_डिर=फॉल्स करा, किंवा सरळ डॅश-जी-शून्य देऊन बिल्ड करा. मी दुसरं करतो, कारण डीबग माहिती नसल्यामुळे लिंकही पटकन होतं आणि ऑलच्या बायनरीला लागणारी मेमरीही फार कमी होते, आपल्याला ही बायनरी डीबग करायचीच नाहीये. ऑप्टिमायझेशन मात्र बंद करू नका, डॅश-ओ-टू ठेवा, काही वॉर्निंग ऑप्टिमायझर चालल्याशिवाय निघतच नाहीत.

दुसरं म्हणजे कन्फिगर. ते एका कोअरवर एकेक प्रश्न विचारत बसतं आणि मेक-जे-सोळाचा त्याला काडीचा उपयोग नाही. त्यामुळे एका टार्गेटला सोळा जॉब देण्यापेक्षा चार टार्गेट एकदम चालवा आणि प्रत्येकाला चार जॉब द्या, एकाचं कन्फिगर चालू असताना दुसऱ्याचं कंपाइल मशीन भरून ठेवतं. आमचा वेळ सगळ्यात जास्त यानंच कमी झाला.

पायवाट_७

घाटमाथा दादा, रात्रपाळी, दोघांचे खूप आभार. ऑल आणि एकेरी टार्गेट यातला फरक माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आता कन्फिगर.टीजीटी उघडून बसलोय आणि कुठल्या टार्गेटला कुठल्या ऑब्जेक्ट फाइली जातात ते बघतोय. सीकॅशचं पण आत्ताच करून बघितलं, हॅश_डिर बंद केल्यावर दुसऱ्या टार्गेटपासून हिट दिसायला लागले.

नॅट फाइलींचं काय करायचं पण? त्यासाठी क्रॉस कंपाइलर (इथे बसून दुसऱ्या आर्किटेक्चरचा कोड बनवणारा) लागणार ना, आणि जीएमपी, एमपीएफआर या गणिताच्या लायब्ररी त्या आर्किटेक्चरच्या कुठून आणायच्या, त्या पण स्वतः बिल्ड करायच्या का? आणि टेस्टचा प्रश्न तसाच आहे.

मृण्मयी_के

नॅटसाठी डेबियन वापरा, फार सोपं पडतं. डेबियनमध्ये आर्म६४, आर्मएचएफ, पीपीसी६४ईएल, एस३९०एक्स, रिस्क-फाइव्ह ६४ या सगळ्यांचे जी++ क्रॉस कंपाइलर तयार पॅकेजमध्ये मिळतात. डीपीकेजीला (डेबियनचं पॅकेज टूल) अ‍ॅड-आर्किटेक्चर सांगायचं, मग जीएमपी आणि एमपीएफआरची डेव्हलपमेंट पॅकेजं त्या आर्किटेक्चरचं नाव कोलनपुढे लावून इन्स्टॉल करायची, या दोन्ही लायब्ररी आता जीडीबीला सक्तीच्याच आहेत. कन्फिगरला बिल्ड म्हणजे तुमचं मशीन, होस्ट म्हणजे एस३९०एक्स-लिनक्स-ग्नू, आणि मेकला ऑल-जीडीबी आणि ऑल-जीडीबीसर्व्हर दोन्ही. प्रत्येक होस्टसाठी वेगळा कंटेनर ठेवा, एकाच इमेजमध्ये पाच आर्किटेक्चरची पॅकेजं कोंबली की कधीतरी एकमेकांत अडकतात. कंपाइलर कुठल्या वर्षाचा आहे तेही बघा, जीडीबी १५ पासून सी++१७ लागतं, म्हणजे जीसीसी ९ किंवा त्यापुढचा, जुन्या इमेजवर कन्फिगरच नकार देतो.

एक बिल्ड क्लँगनं पण करा. त्याच्या वॉर्निंग वेगळ्या असतात, एखाद्या क्लासमध्ये एका मेथडला ओव्हरराइड लिहिलंय आणि दुसरीला नाही यावर क्लँग बोलतो. फ्रीबीएसडी आणि मॅकवाले क्लँगच वापरतात, त्यांचं बिल्ड आपल्यामुळे तुटू नये.

आता टेस्ट. हार्डवेअर नसताना सगळ्यात जास्त मिळतं ते सेल्फटेस्टमधून, म्हणजे जीडीबीच्या आतच असलेल्या टेस्टमधून, आणि त्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ऑलवाला जीडीबी बिल्ड झाला की त्याला बॅच मोडमध्ये मेंट सेल्फटेस्ट ही कमांड द्या. यातल्या काही टेस्ट प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळ्या चालतात. उदाहरणार्थ प्रिंट_वन_इन्सन नावाची टेस्ट त्या आर्किटेक्चरची ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन घेते आणि त्याच जीडीबीच्या डिसअसेंब्लरला वाचायला देते, तिची लांबी बरोबर सांगतोय का बघते. दुसरी एक टेस्ट एकाच आर्किटेक्चरमध्ये दोन रजिस्टरांना तेच नाव नाही ना हे तपासते. यातल्या कशालाच बोर्ड नको, क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा इम्युलेटर) नको, टार्गेटचा कंपाइलर नको. तुमचा बदल रजिस्टर कॅशमध्ये आहे म्हणालात, मग तुमच्यासाठी तर हे पहिलं.

पण एक्झिट कोडवर विसंबू नका, आउटपुटची शेवटची ओळ वाचा, तिथे किती चालल्या आणि किती फेल हे लिहिलेलं असतं. आणि चाललेल्यांची संख्या शून्य असेल किंवा सेल्फटेस्ट या बिल्डमध्ये बंद आहेत असं म्हणत असेल तर तेही फेलच धरा. रिलीजच्या टारबॉलमध्ये त्या मुळात बंद असतात, एनेबल-युनिट-टेस्ट्स द्यावं लागतं. बिल्ड डिरेक्टरीतूनच जीडीबी चालवत असाल तर डेटा-डिरेक्टरीचा पथ द्या आणि डॅश-एनएक्स पण द्या, नाहीतर पायथनचं मॉड्यूल सापडत नाही म्हणून तक्रार येते आणि घरच्या डिरेक्टरीतली जीडीबीइनिट फाइल मध्येच वाचली जाते.

अनवाइंडर

मृण्मयीताईंनी सेल्फटेस्टचं सांगितलंय, मी पूर्ण टेस्टसूटबद्दल लिहितो, कारण तिथे लोक महिनोन्महिने अडकतात.

पहिलं आणि महत्त्वाचं, क्यूईएमयूचा युझर मोड (पूर्ण मशीन नाही, नुसता एक प्रोग्रॅम चालवणारा) बघून हुरळून जाऊ नका. सगळ्यांच्या मनात हे येतंच की एस३९०चा जीडीबी क्रॉस बिल्ड केला, तो युझर मोडमध्ये चालवला, आणि त्याच्या आत मेक चेक. जीडीबी उघडतो, प्रॉम्प्ट येतो, रन म्हटलं की संपलं, कारण युझर मोड पीट्रेस इम्युलेट करतच नाही आणि लिनक्सवर जीडीबीचा सगळा डोलारा पीट्रेसवर उभा आहे. प्रोग्रॅम सुरू होतो एवढं तपासायला युझर मोड चांगला, त्याच्या पुढे नाही. पर्याय दोन. पूर्ण सिस्टिम मोडमध्ये त्या आर्किटेक्चरचं डेबियन उभं करा, मग आत नेटिव्ह टेस्टसूट चालतो, हळू चालतो पण चालतो. किंवा क्यूईएमयूचा स्वतःचा जीडीबीस्टब वापरा, बाहेरच्या क्रॉस जीडीबीनं रिमोटनं जोडायचं, पण त्याला डेजाग्नूची (टेस्ट चालवायची चौकट) बोर्ड फाइल लिहावी लागते आणि टार्गेटचा कंपाइलर लागतो. बेअर-मेटल टार्गेटांसाठी जीडीबीच्याच सोर्समधले सिम्युलेटर विसरू नका, एव्हीआर, एमएसपी४३०, एसएच, व्ही८५०, आरएक्स, एच८३००, बऱ्याच जणांचे आहेत, टार्गेट सिम म्हणायचं, लोड करायचं, रन करायचं, बोर्डाची गरज नाही.

जाता जाता, हे रेनेसासवाले एसएच आणि एच८ बघून आठवलं, त्यांच्या ग्नू टूलचेन बरीच वर्षं पुण्यात केपीआयटी कंपनीत बिल्ड आणि टेस्ट होऊन जगभर जात होत्या. म्हणजे हे काम आपल्याकडे अगदीच नवं नाही, आपल्या भाषेत त्याबद्दल लिहिलेलं मात्र फार कमी आहे, म्हणून असे धागे बघितले की बरं वाटतं.

कंटेनरमध्ये टेस्ट चालवणार असाल तर डॉकरचा नेहमीचा सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारा) प्रोफाइल आडवा येतो. जीडीबी प्रोग्रॅम सुरू करताना अ‍ॅड्रेस रँडमायझेशन बंद करायला पर्सनॅलिटी नावाचा सिस्टिम कॉल करतो, तो तिथे अडवला जातो आणि प्रत्येक रनला "एरर डिसेबलिंग अ‍ॅड्रेस स्पेस रँडमायझेशन" अशी वॉर्निंग छापली जाते. टेस्टसूट एक्स्पेक्टवर चालतो, म्हणजे आउटपुट अक्षर न् अक्षर जुळवतो, मध्ये ही एक ओळ घुसली की पुढचे शेकडो टेस्ट फेल. सेककॉम्प अनकन्फाइन्ड करा आणि एसवायएस_पीट्रेस कॅपॅबिलिटी द्या.

आणि आता खरं दुखणं. जीडीबीचा टेस्टसूट कुठल्याच मशीनवर पूर्ण हिरवा येत नाही, काही फेल असतातच, काही जुन्या कंपाइलरमुळे, काही कर्नलमुळे, आणि काही एकदा पास एकदा फेल असे. त्यामुळे "एकही फेल नको" असा नियम लावलात तर पहिल्याच दिवसापासून सगळं लाल आणि मग कुणी बघणार नाही. पॅचच्या आधीचं जीडीबी.सम (टेस्टच्या निकालांची फाइल) आणि पॅचच्या नंतरचं जीडीबी.सम यांची तुलना करा, पासचा फेल झालेला टेस्ट तेवढा दाखवा. पास होता आणि आता यादीतच नाही, असं असेल तर तेही दाखवा, कारण एखादी एक्सप फाइल (टेस्टची स्क्रिप्ट) मध्येच कोसळली की तिचे पुढचे टेस्ट फेल न होता नुसते गायब होतात, आणि फेलचा आकडा उलट कमी दिसतो. सारखे पास-फेल करणारे टेस्ट ओळखायला मेक चेकला रेसी_इटर=५ द्या, तो तेच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवून कुठले अस्थिर आहेत त्याची वेगळी यादी रेसी.सम मध्ये देतो, ती तुलनेतून वगळा.

तुलना करताना टेस्टच्या नावात बिल्ड डिरेक्टरीचा पथ आलेला असेल तर दोन डिरेक्टरींतली नावं कधीच जुळत नाहीत, टेस्टसूट स्वतःच असे पथ आणि दुहेरी नावं मोजून शेवटी सांगतो, तुम्ही नवे टेस्ट लिहिलेत तर ते दोन्ही आकडे वाढले नाहीत ना ते बघा.

सुरुवातीला सगळा टेस्टसूट चालवायचा अट्टहास नको. जीडीबी.बेस आणि जीडीबी.आर्च या दोन डिरेक्टरी, आणि त्याच परत नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर बोर्डनं. अनवाइंडरचा बदल असेल तर जीडीबी.ड्वार्फ२ पण घ्या, तिथले बरेच टेस्ट ड्वार्फची (डीबग माहितीचा फॉरमॅट) माहिती हातानं तयार करतात, एरवी कंपाइलर सहसा काढणार नाही असे आकार त्यात मिळतात.

घाटमाथा

एक राहिलं होतं. हे सगळं स्वतःच्या मशीनवरच उभं करायला हवं असं नाही. सोर्सवेअरचा, म्हणजे जीडीबीचा मूळ रेपो जिथे आहे त्या साइटचा, बिल्डबॉट आहे, बिल्डर डॉट सोर्सवेअर डॉट ऑर्ग, त्यावर एक्स८६ शिवाय आर्म६४, पीपीसी६४एलई, एस३९०एक्स अशी खरी मशीन जोडलेली आहेत. ज्यांना रेपोमध्ये कमिट करता येतं त्यांनी आपल्या युझर्सखालच्या ब्रँचच्या नावात ट्राय लावून पुश केलं की ती ब्रँच त्या मशीनवर बिल्ड होते आणि निकाल मेलनं येतो. पायवाट, तुम्हाला अजून तो अ‍ॅक्सेस नसेल, पण मेलिंग लिस्टवर पॅच पाठवला की लिनारो या कंपनीचा सीआय (आपोआप तपासणारी यंत्रणा) तो आर्म आणि आर्च६४ वर आपणहून चालवून बघतो. शिवाय जीसीसी कंपाइल फार्म आहे, मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना तिथे अर्ज केला की खातं मिळतं, पॉवर, स्पार्क, रिस्क-फाइव्ह अशी मशीन वापरायला मिळतात, एआयएक्स आणि सोलॅरिससुद्धा, ज्यांची नॅट फाइल आपण डेबियनवर क्रॉस बिल्ड करून तपासूच शकत नाही. मशीन सगळ्यांची सामायिक आहेत, तिथे रात्रंदिवस सीआय लावून ठेवू नका, पॅच पाठवायच्या आधी एकदा नीट तपासायला वापरा.

आणि जॉब कधी सुरू करायचा हे ठरवताना लक्षात ठेवा, या रेपोमध्ये रोज रात्री बीएफडीची तारीख बदलणारं एक स्वयंचलित कमिट येतं. नवं कमिट दिसलं की बिल्ड, असं लावलंत तर त्या एका तारखेसाठी रोज सगळी टार्गेट फिरणार. ते कमिट गाळा. पण नुसत्या जीडीबी डिरेक्टरीवर नजर ठेवू नका, बीएफडी, ऑपकोड्स, इन्क्लूड, लिबआयबर्टी, जीडीबीसपोर्ट यातल्या बदलानंही जीडीबी तुटतो, ऑपकोड्समध्ये बायनयुटिल्सवाल्यांनी काही बदललं आणि आपल्या टीडेपला ते लागलं असं होतच असतं.

पायवाट_७

मंडळी, सांगितलं तसं लावत आणलंय. ऑलचं एक बिल्ड आणि त्यावर सेल्फटेस्ट, हे प्रत्येक कमिटला. मेंटेनर्स फाइलमधली एकेरी टार्गेट चारचार करून, आणि होस्टची क्रॉस बिल्ड, हे फक्त ब्रँच पाठवायच्या आधी. कंपाइल फार्मला अर्ज केलाय.

पहिल्याच फेरीत आमच्या पॅचमधलं एक बाहेर आलं, आर्मएचएफच्या होस्टवर, घाटमाथा दादांनी सांगितलेलंच, डीबग मेसेजमध्ये फ्रेमचा पत्ता पर्सेंट-एल-एक्सनं छापला होता. हेक्स_स्ट्रिंग वापरून दुरुस्त केलं. दुसरं एक एसएच-ईएलएफच्या एकेरी बिल्डमध्ये लिंकला तुटतंय, पण ते मूळ मास्टर ब्रँचवर पण तुटतंय, म्हणजे आमचं नाही. कुठल्या कमिटनं तुटलं ते शोधून कळवावं म्हणतोय. बायसेक्ट (मधला कमिट तपासून अर्धी अर्धी यादी गाळत जाणं) करायला बसलो तर मधले काही कमिट वेगळ्याच कारणानं बिल्ड होत नाहीत आणि बायसेक्ट भरकटतं. यावर काही उपाय?

रात्रपाळी

गिट बायसेक्ट रनला स्क्रिप्ट द्या आणि स्क्रिप्टमधून १२५ हा एक्झिट कोड परत करा, गिट तो कमिट वगळून शेजारचा घेतो. स्क्रिप्टमध्ये मेकचा लॉग ठेवून बघा, तुम्हाला हवा असलेला अनडिफाइन्ड रेफरन्स, त्याच सिम्बॉलच्या नावासकट, लॉगमध्ये असेल तर १, बिल्ड पूर्ण झालं तर ०, आणि तिसरं काहीही झालं तर १२५. प्रत्येक पायरीला बिल्ड डिरेक्टरी पुसून नव्यानं कन्फिगर करा, मेकफाइल.इन आणि कन्फिगर.टीजीटी मागेपुढे होत असताना जुन्या डिरेक्टरीत केलेल्या बिल्डवर विश्वास ठेवता येत नाही, सीकॅश आहे त्यामुळे फार वेळ जाणार नाही.

सापडलं की लिस्टवर कळवताना कमिटचा हॅश, कन्फिगरची पूर्ण ओळ आणि लिंकरच्या एररच्या ओळी एवढं द्या. बहुधा कन्फिगर.टीजीटी मध्ये एसएचच्या यादीत एक ऑब्जेक्ट फाइल वाढवायची असेल. तसंच निघालं तर नुसतं कळवू नका, तो एक ओळीचा पॅच तुम्हीच पाठवा.